त्रेपन्न वजा सत्तावीस आणि शाळेतला स्मार्ट टीव्ही

मॅडम, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून तुमची पहिलीच नेमणूक द्विशिक्षकी शाळेवर झाली. तिसरी-चौथीची मिळून २२ मुलं तुमच्याकडे आहेत. लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही आहे, चार टॅब आहेत आणि तुमच्या मोबाइलवर शिक्षकांचे सात व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ तुम्ही चार वेळा दाखवलात, मुलांना तो तोंडपाठ झाला, तरी वहीत ५३ वजा २७ बरोबर ३४ असंच येतंय. तंत्रज्ञानानं आणि अनुभवांच्या देवाणघेवाणीनं शिक्षण बदलतंय असं प्रशिक्षणात सांगतात, तर ते माझ्या वर्गात दिसायला हवं ते नेमकं कुठे, असं तुम्ही विचारलंय.

मी १९९७ पासून बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात प्राथमिक शाळेत आहे, गेली सहा वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख, म्हणून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ३४ पासूनच द्यावंसं वाटतं.

३४ कसं आलं हे ते लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला कधी विचारलंत का? मी माझ्या वर्गातल्या एका मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "तीनातून सात जात न्हाईत सर, मग सातातून तीन काढले." मुलगी धांदरट नव्हती. तिचा स्वतःचा एक नियम होता: दोन अंकांतला लहान अंक मोठ्यातून काढायचा. दुसरीत बिनहातच्याच्या वजाबाक्या केल्या तेव्हा तो नियम दर वेळी खरा ठरला होता आणि मीच त्या उत्तरांवर बरोबरची खूण केली होती. व्हिडिओतले सर पाचाला काट मारून चार करतात, तीनाच्या डोक्यावर एक लिहितात. तिच्या दृष्टीनं ते फक्त नक्षीकाम. व्हिडिओ ज्या अडचणीचं उत्तर देतो, ती अडचण तिला आलेलीच नव्हती, कारण तिच्या नियमानं गणित कुठे अडतच नव्हतं.

आता हेच गणित घेऊन बाकीच्या वह्या बघा. कुणाचं ३६ येईल. त्या मुलानं दशक सुटा केला, तेरातून सात काढले, पण पाचाचे चार करायचे राहिले. कुणाचं ३० येईल: "तीनातून सात जात नाहीत, म्हणून शून्य." कुणी बोटांवर मागे मोजत आला असेल आणि सुरुवातीचा ५३ सुद्धा मोजला असेल, त्याचं २७ येईल. चारही मुलांच्या वहीत तुमची एकच लाल फुली. पण चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या चौघांना एकच व्हिडिओ लावून भागणार नाही.

पाचव्या उत्तरानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. एका मुलाचं उत्तर आलं ८. मी त्याच्यावर चिडलो होतो, हे आजही मनाला लागतं. नंतर वही नीट पाहिली तर त्यानं गणितच ३५ वजा २७ असं मांडलं होतं. ३५ वजा २७ बरोबर ८. वजाबाकी अचूक होती. मी तोंडी सांगितलं होतं "त्रेपन्न". त्यानं आधी ऐकलं "त्रे", म्हणून आधी लिहिले तीन; मग ऐकलं "पन्न", म्हणून लिहिले पाच. आपल्या मराठीत एकक आधी बोलतात आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. पोरगं कानाशी प्रामाणिक राहिलं आणि फुली खाऊन गेलं.

हे एकट्या माझ्या वर्गात असतं तर मी ते विसरूनही गेलो असतो. पण २०१६ च्या पावसाळ्यात मी त्या वहीच्या पानाचा फोटो काढला, मुलाचं नाव बोटानं झाकून, आणि आमच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकला. खाली एवढंच लिहिलं: "याची वजाबाकी बरोबर आहे. माझं सांगणं त्याला उलटं ऐकू आलं. तुमच्याकडे असं होतं का?" तोपर्यंत त्या ग्रुपवर फक्त परिपत्रकं, मागवलेली माहिती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा यायच्या. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. अशी चूक ग्रुपवर टाकणं म्हणजे स्वतःचा वर्ग कच्चा असल्याची कबुली, असंच सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटत होतं. तिसऱ्या दिवशी रात्री शेजारच्या वस्तीशाळेच्या बाईंनी फोटो टाकला: चौऱ्याहत्तरचे ४७. मग पुढच्या आठवड्यात सात शाळांतून पानं आली. एकोणपन्नास म्हटल्यावर ५९ लिहिणारी मुलं तर सगळीकडे होती. ऐकताना "पन्नास" ठळक ऐकू येतं, म्हणून मूल पन्नासाच्या घरात शिरतं. एकोणसाठ, एकोणऐंशी, तीच गोष्ट.

आमच्या वर्गांत शिक्षण बदलायला खरी सुरुवात झाली ती तिथे, असं मी मानतो. मोबाइल होता म्हणून चूक दाराबाहेर पडली. त्याआधी प्रत्येक शिक्षकाची पोरं प्रत्येकाच्या चार भिंतींतच चुकत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच पोरं अशी.

तीन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. विधिमंडळात चर्चा झाली, वृत्तवाहिन्यांवर टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी पद्धत काढलेली नाही, जोडाक्षरांना आणि उलट्या क्रमाला अडखळणाऱ्या मुलांसाठी ही जोडीची वाट आहे. आमच्या केंद्रात तेव्हा वाद झाला नाही. आमच्याकडे वह्यांची पानं होती. "त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन" असं आम्ही तोवर दोन वर्षं वर्गात म्हणत आलो होतो. मुलं महिन्याभरात "म्हणजे"च्या पुढचं मनातल्या मनात म्हणायला लागायची आणि मग नुसत्या "त्रेपन्न"वर बरोबर लिहायची. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं वर्गात किती खरं होतं हे त्यांच्यापर्यंत पोचवायला हवं होतं, ही रुखरुख मला राहिली आहे.

आता तुमच्या टीव्हीकडे येतो.

धडा दुरून आणून वर्गात दाखवायचा, ही कल्पना नवी नाही. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली, दूरदर्शनवरून शाळांसाठी कार्यक्रम येऊ लागले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. त्याच सुमाराला, २०१५ मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आल्यानंतर, गावोगाव "डिजिटल शाळा" होऊ लागल्या. गावकऱ्यांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या एका शाळेच्या प्रोजेक्टरसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीतून, शंभर-शंभर रुपये दिले होते. दोन वर्षांत त्या शाळेचं वीजबिल थकलं, जोडणी तोडली गेली आणि प्रोजेक्टर कपाटात गेला. त्या बायांना काय सांगायचं हे मला कधी सुचलं नाही. म्हणून तुम्हाला पहिली विनंती: टीव्ही चालू ठेवण्याचा खर्च कोण करणार हे ग्रामपंचायतीशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलून ठरावात लिहून घ्या. शिक्षणशास्त्रात हे बसत नसेल, पण शाळेत याच्याशिवाय काही चालत नाही.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा जन्मही आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेतला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो प्रयोग केला, पुढे बालभारतीनं उचलला, आणि २०१७ मध्ये दीक्षा हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आल्यावर पुस्तकातला कोड मोबाइलनं टिपला की धड्याचं साहित्य समोर येऊ लागलं. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, १० लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडबद्दल सगळे बोलतात, मला ती वाटणी जास्त महत्त्वाची वाटते.

कोडनं धडा मुलापर्यंत आला, हे चांगलंच झालं. माझ्याकडे आजारी पडून पंधरा दिवस घरी राहिलेल्या मुलानं वडिलांच्या मोबाइलवर कविता ऐकून पाठ केली आहे. पण कोडमधून फक्त येणं असतं, जाणं नसतं. मूल कुठे अडलं हे कोडमधून परत येत नाही. ते परत आणायचं काम आपलं.

अनुभव वाटण्याची आपली जुनी रीत म्हणजे भेटी. पूर्वी महिन्याचं गटसंमेलन व्हायचं, आता त्याला शिक्षण परिषद म्हणतात. आणि २०१५-१६ च्या सुमाराला सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीट या शाळांच्या गटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून-पाहून शिकतं हा विचार, फरशीवर उतरवला होता. मुलं जमिनीवर बसून, आखलेल्या चौकटींत दगड-काड्या मांडून शिकत होती, शिक्षक मुलांमध्ये बसलेले होते. मीही गेलो होतो. तिथे पाहिलेल्या एका गोष्टीनं मी बदललो: एका बाईंनी चुकलेल्या मुलाला "चूक" म्हटलंच नाही, "मला करून दाखव" म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसल्या. ते गप्प बसणं फोटोत येत नव्हतं. आमच्यातले बरेच जण फरशीचे फोटो घेऊन परतले. महिन्याभरात तालुक्यातल्या निम्म्या शाळांची फरशी ऑइलपेंटनं रंगली आणि मुलं त्या चौकटींवर रांगेत बसून पूर्वीसारखीच पाढे म्हणू लागली. रंग आला, गप्प बसणं आलं नाही.

व्हॉट्सॲपवरही आज हेच चाललंय, आणि तुमच्या सात ग्रुपांवर जे शंभर व्हिडिओ येतात ते त्या फरशीच्या फोटोंसारखेच आहेत. नटूनथटून बसलेला वर्ग, एका सुरात उत्तर देणारी मुलं, मागे संगीत. अशा व्हिडिओतून शिकायला काही मिळत नाही, कारण त्यात कुणी अडलेलंच नसतं. मी शिक्षकांना दोष देत नाही. वरून फोटो मागितले जातात, मग फोटो काढले जातात. पण तुम्ही तरुण आहात, अजून सवय लागलेली नाही, म्हणून कळकळीनं सांगतो: २५६ जणांच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडा, आणि तीन-चार शाळांचे मिळून दहा-बारा शिक्षक जमवा. ग्रुपवर यायचं ते फक्त मुलाचं काम आणि मुलाचे शब्द. पानावरचं नाव झाकायचं, चेहरा दाखवायचा नाही. मूल चुकलेलं असताना त्याचा चेहरा फिरवणं म्हणजे त्याच्याशी दगा आहे. फोटोखाली मुलानं काय सांगितलं ते त्याच्याच बोलीत लिहायचं किंवा आवाज ध्वनिमुद्रित करून टाकायचा. उपाय सांगायची घाई करायची नाही. "तुझ्याकडे असं कधी झालं?" हा प्रश्न आधी. आमच्या ग्रुपवर पहिल्या वर्षी दोघे जण सोडून गेले, त्यांना हे रडगाणं वाटलं. राहिले ते आजही आहेत.

आवाजाचं महत्त्व आम्हाला मेळघाटात बदलून गेलेल्या एका मित्रानं शिकवलं. तिथली मुलं घरी कोरकू बोलतात. त्यानं दोन गणितं देऊन मुलांची उत्तरं पाठवली. "१२ बोरं होती, ५ खाल्ली, किती उरली?" हे जवळपास सगळ्यांनी केलं. "एकाकडे १२ बोरं, दुसऱ्याकडे ५, तर पहिल्याकडे कितीने जास्त?" याला अर्ध्यांहून अधिकांनी १७ सांगितलं. आम्हाला वाटलं, भाषेची अडचण. मग आम्ही आमच्या मराठी मुलांना विचारलं, तर आमच्याकडेही तेच. "जास्त" हा शब्द कानावर पडला की मूल बेरीज करतं. दोन वस्तूंच्या रांगा समोरासमोर लावून, जोड्या जुळवून, उरलेल्यांवर बोट ठेवल्याशिवाय "कितीने जास्त" ही वजाबाकी आहे हे कळत नाही. दोन टोकांच्या शाळांत एकच चूक. कोरकू बोलणाऱ्या मुलांना "मागास" म्हणायची आमच्यातल्या काहींची सवय त्या दिवशी सुटली.

टाळेबंदीबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिने. पहिलीत घातलेलं मूल शाळा न बघता दुसरीत पोचलं. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून टिलीमिली मालिका लागली, ती ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी पाहिली. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, म्हणजे मूल येता-जाता वाचेल. कुठे देवळाच्या भोंग्यावरून पाठ दिले गेले. आम्ही पारावर, ओट्यावर पाच-सहा मुलं घेऊन बसायचो. या सगळ्यातून मला दिसलं ते असं की जिथे मुलाकडून काही परत येत होतं, कुणी त्याची वही बघत होतं, कुणी विचारत होतं, तिथे मूल टिकलं. जिथे फक्त लिंक जात होती तिथे मूल हातचं गेलं.

माझ्या भागात हा प्रश्न कोरोनाआधीपासूनचा आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात ते थेट गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. हंगामी वसतिगृहात राहिली ती मुलं शाळेत टिकतात, बाकीची आईबापाबरोबर फडावर जातात. २०१८ च्या हंगामात चौथीतली एक मुलगी अशीच गेली. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. तिच्या वडिलांचा मोबाइल साधा होता, टोळीच्या मुकादमाकडे मात्र स्मार्टफोन होता. मी मुकादमाला गळ घातली. ठरलं असं की रोज रात्री आठच्या सुमाराला मी एक आवाजी निरोप पाठवायचा, एक गोष्ट किंवा एक गणित, आणि मुलीनं तिच्या आवाजात उत्तर पाठवायचं.

पहिले पंधरा दिवस मी पुस्तकातली गणितं दिली आणि तिची उत्तरं एका-एका शब्दाची येत होती. एका रात्री तिनं आपणहून सांगितलं, "सर, आज काट्याची पावती वाचली." कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी आधी तोलतात, ऊस खाली केल्यावर रिकामी गाडी तोलतात, आणि दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं वजन. त्यावर आईबापाची मजुरी. तिनं आकडे वाचले: भरलेली ३२४०, रिकामी ६८०. "मी काढलं, २५६० आलं. पावतीवर बी तेच हाय." मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तीन हजारांच्या घरातली हातच्याची वजाबाकी, फडावरच्या झोपडीत, चुलीच्या उजेडात. मी तिला विचारलं, चाळीसातून ऐंशी कसे काढलेस? तिचं उत्तर मी आजही जपून ठेवलंय: "चाळीसातून ऐंशी जात न्हाईत, मग दोनशेतला एक शंभर मोडला. उसाची मोळी मोडत्यात तसा."

मोळी मोडल्यासारखा शंभर मोडला. मी वीस वर्षं "हातचा घेतला" असं शिकवत होतो. "घेतला" म्हटलं की मुलाला वाटतं कुठूनतरी एक फुकट आला, म्हणून तर ते ३६ येतं, दशकातला कमी करायचा राहतो. मोडलेली मोळी मात्र परत गठ्ठ्यांत मोजता येत नाही, हे उसाच्या फडावरच्या पोराला सांगावं लागत नाही. तो निरोप मी तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीनं ग्रुपवर टाकला. आमच्या केंद्रातल्या शाळांत आता "दशक मोडला" असंच म्हणतात. तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवलेले असतात, तीनातून सात जाईनात की मूल स्वतः उठून एका गठ्ठ्याचं रबर काढतं.

एआयबद्दलही तुम्ही विचारलंय. मी गेली दोन वर्षं ते वापरतो, प्रामुख्यानं गणितं तयार करायला. वेळ खूप वाचतो, बहुवर्गशाळेत ही मोठी गोष्ट आहे. पण दिलेलं प्रत्येक गणित मी स्वतः सोडवतो, आणि तुम्हीही सोडवा. हातच्याची दहा गणितं मागितली तर एकदा त्यातल्या तीन गणितांत हातचाच नव्हता. शब्दही आपले नसतात. सफरचंदं आणि चॉकलेटं येतात, तिथे बोरं, करडं, कडब्याच्या पेंढ्या घालाव्या लागतात. चुकलेल्या वहीचा फोटो दाखवून कारण विचारलं तर ३४ चं कारण ते बऱ्यापैकी ओळखतं. त्या ८ चं ओळखणार नाही. कागदावर ३५ वजा २७ बरोबर ८ लिहिलंय आणि ते बरोबर आहे. मी "त्रेपन्न" म्हटलं होतं, हे फक्त मला आणि त्या मुलाला माहीत होतं.

मग तुमच्या वर्गात काय? टीव्ही सध्या आठवडाभर बंद ठेवा. चार टॅब २२ मुलांत पाच-सहा जणांच्या गटाला एक असे द्या आणि त्यावर काहीही दाखवू नका. कॅमेरा चालू करा. एका मुलानं काड्या मांडून ५३ वजा २७ करायचं आणि करता करता बोलायचं, दुसऱ्यानं फक्त हात आणि काड्या टिपायच्या. एक मिनिट पुरतं. मग गटानं ते परत बघायचं. मूल स्वतःचाच आवाज ऐकतं, "तीनातून सात जात नाहीत मग..." आणि तिथे स्वतःच थांबतं. माझ्या वर्गात असं थांबणं मी अनेकदा पाहिलंय आणि त्या क्षणी मध्ये बोलायचं नाही हे मला कुमठ्याच्या बाईंनी शिकवलंय. ही अडचण मुलाला एकदा जाणवली की मग तो व्हिडिओ लावा. तो या वेळी त्यांना वेगळा दिसेल, कारण आता त्यांच्याकडे विचारायला प्रश्न असेल. मध्येच थांबवा आणि विचारा, "सरांनी पाचाचे चार का केले असतील?"

संख्या सांगताना काही दिवस "त्रेपन्न, पन्नास आणि तीन" असं दोन्ही म्हणा. पालकांनी विचारलं तर त्यांना वर्गात बोलवून मुलांकडून लिहून घेऊन दाखवा, एका दिवसात पटतं.

आणि ३४ लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला उद्या जवळ बसवून विचारा, "कसं केलंस गं, मला सांग." तिचं उत्तर तिच्याच शब्दांत मोबाइलवर घ्या, दुरुस्त न करता, आणि तिला विचारून मला पाठवा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी ऐकतो आणि आमच्या ग्रुपवरच्या एका बाईंनाही ऐकवतो. त्यांच्या चौथीत सध्या ४०३ वजा १२७ अडलंय, मधल्या शून्यापाशी. त्याची पानं मी तुम्हाला आजच पाठवतो.